बोटीखालचा माणूस

टीव्हीवर 'कप्तानाचा गळ' सुरू झाला की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा बाबांचा दंडक होता. कप्तान पांढरी टोपी चढवून बोटीच्या कठड्यावर एक पाय ठेवणार, डोळे बारीक करून समुद्राकडे बघणार, गळ फेकणार, आणि मग काठी अशी काही वाकणार की बाबा खुर्चीतून अर्धे उठलेच म्हणून समजा. शेवटी मासा वर यायचा, काट्याला लटकायचा, कप्तान वजन वाचायचा, आणि बाबा मुलाकडे वळून म्हणायचे, "बघ. याला म्हणतात काम. हा मासे ओढतो, आणि आमचे चिरंजीव तारा ओढतात."

चिरंजीव खाली मान घालून चहा प्यायचे. बोलणार काय? चिरंजीव तारा ओढत नव्हतेच मुळी. कप्तानाच्या गळाला लागलेला प्रत्येक मासा या चिरंजीवांनीच, पाण्याखाली बसून, स्वतःच्या हातांनी लावलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? असतं हो. समुद्र काही कप्तानाच्या बापाचा नोकर नाही. कॅमेरे, दिवे, छत्र्या, जेवणाचे डबे आणि ही एवढी माणसं बोटीवर चढवून दिवसभर उन्हात तळत बसायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत यायचं, असं सुरुवातीला इतक्यांदा झालं की कार्यक्रम बंद पडायच्या बेतात होता. तेव्हा दिग्दर्शिका बाईंनी डोकं चालवलं. बाजारातल्या मासेवालीकडे मोठ्या टाकीत जिवंत मासे असत. ते विकत आणायचे, जाळीच्या पिशवीत घालून बोटीखाली सोडायचे आणि शेजारी एक पाणबुड्या बसवायचा. वरून गळ आला की त्याने मासा लावायचा, एक हिसका द्यायचा आणि बाजूला व्हायचं. पाणबुड्याच्या श्वासाचे बुडबुडे कुणाला दिसू नयेत म्हणून बोटीच्या कडेने पंपाचं पाणी धो धो सोडलेलं असे. प्रेक्षकांना वाटायचं, समुद्र खवळलाय. खवळतोय कसला! कप्तानाला बोट जरा हलली की ओकारी येते, म्हणून बोट कायम धक्क्याच्या आडोशाला, संथ पाण्यात नांगरलेली.

या पाणबुड्याला बोटीवरचे सगळे बेडूक म्हणत. आपणही तेच म्हणू. बेडकाच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असे आणि तिचं दुसरं टोक वर एका माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे लाव, दोन हिसके म्हणजे थांब, आणि मासा लावून झाला की बेडकानेही खालून एक हिसका देऊन खूण करायची. काम सोपं, पगार बरा. अट एकच. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाहेर अवाक्षर काढलंस तर दुसऱ्या दिवशी घरी बस." म्हणून घरी सांगितलं, विजेच्या तारा सांभाळतो. घरी येताना केस ओले का, तर म्हणे उकडतं म्हणून तिथंच अंघोळ करतो. आई म्हणायची, "एवढं पाणी आपल्या नळाला असतं तर!"

आता बाबांचं सांगतो, म्हणजे या पोराची पंचाईत कळेल. बाबा तराजू दुरुस्त करायचे. बाजारात असा तराजू नसेल ज्याची दांडी त्यांनी डोळ्याशी धरून बघितली नाही. काटा मारणारा दुकानदार सापडला की चारचौघांत त्याची अशी हजामत करायचे की गिऱ्हाईकच लाजून निघून जाई. इमारतीखालच्या किराणावाल्याचा तराजू त्यांनी भर दुकानात उलटा करून खाली चिकटवलेला पासंग काढून दाखवला होता. तेव्हापासून किराणावाला जिन्यात भेटला की नुसता हसायचा, बोलायचा नाही. पुढे हात थरथरायला लागले आणि काम सुटलं. स्वभाव मात्र तसाच राहिला. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायची सवय काही गेली नाही.

दुसरं वेड गळाचं. दर सुट्टीला धक्क्यावर जाऊन बसायचं, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. गळ स्वतः कानशीने घासायचे, तराजूच्या धारेला घासत तसेच. तयारी बघाल तर वाटेल, आज देवमासाच घेऊन येणार. पण नशीब बघा, बाबांनी जन्मभर पकडलेले सगळे मासे एका ताटात मावले असते आणि वर लिंबाला जागा उरली असती.

असा हा माणूस 'कप्तानाचा गळ'वर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "काटा दाखवतात ना? लबाडी करायची असती तर काटा दाखवला असता का?"

यावर बेडूक ओले केस पुसायला आत जायचा.

*

एका संध्याकाळी बेडूक घरी आला तर बाबा दारातच उभे. चेहरा असा, जणू लॉटरी लागली.

"फोन आला होता," बाबा म्हणाले.

"कुणाचा?"

"कुणाचा काय, त्यांचा! प्रेक्षकांतून एक पाहुणा निवडतात की नाही? बोटीवर नेतात, कप्तानाच्या शेजारी उभं करतात. या वेळी मी!"

आई आतून म्हणाली, "दुपारपासून तीनदा दाढी झालीय. गाल राहिलाय की नाही बघ."

बेडकाला वाटलं, आपण पाण्यातून फार भरकन वर आलोय. कान बंद, डोकं गरगर. तो तिथंच पायताणांच्या शेजारी बसला.

"तुला आनंद नाही झाला?" बाबांनी विचारलं.

"झाला ना. फार झाला."

"मग तोंड असं का?"

"तारा ओढून दमलोय."

रात्रीचं जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. मासा लावावा, तर बापाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद खोटा, आणि तो खोटेपणा पोटच्या पोराने केलेला. न लावावा, तर सगळ्या गावासमोर, कॅमेऱ्यासमोर बाप रिकाम्या हातांनी परत येणार. तो किराणावाला तर जिन्यात उभा राहून हसायची वाटच बघत असेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा मधे ताट घेऊन बसलेला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना अडवलं. पाहुणा आपला बाप आहे हे सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं असतं तर सगळ्या बोटीवर चर्चा झाली असती आणि ती उडत उडत बाबांच्या कानावर गेली असती. म्हणून आडून आडून विचारलं, "बाई, या वेळच्या पाहुण्याला मासा लावायलाच हवा का?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे?"

"नाही, म्हटलं, आपोआप लागला तर..."

"बेडका, तुला ताप आलाय का? आपोआप या पाण्यात आजवर एक प्लास्टिकची पिशवी लागलीय. म्हातारा चांगला आहे, टीव्हीवर छान दिसेल. मोठा मासा लाव. मासेवालीकडचा नऊ किलोचा सांगून ठेवलाय."

झालं. तिकडचा रस्ता बंद. मग म्हटलं, बाबांकडूनच अंदाज घ्यावा. बाबा खिडकीशी बसून गळ घासत होते.

"बाबा, समजा, नाहीच लागला मासा, तर?"

"नाही लागला तर नाही लागला. समुद्र आहे तो, दुकान नाही." मग कानस थांबवून, जरा हळू आवाजात ते म्हणाले, "पण एकदा ती काठी वाकलेली बघायचीय रे. माझ्या हातात. खरंच सांगतो, दुसरं काही नको. वजन नको, फोटो नको. नुसती ओढ कशी असते ते कळू दे."

आता करा काय करायचं ते! पोराचा गोंधळ होता त्याहून दुप्पट झाला. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, बाहेर आला, पुन्हा आत गेला आणि पुन्हा पाणी प्यायला. आई म्हणाली, "तुझ्या पोटात काय विहीर खणलीय का?"

*

शूटिंगच्या दिवशी तो उजाडताच घराबाहेर पडला. सांगितलं, आज लांब ड्यूटी आहे, सुट्टी मिळत नाही. बाबा हिरमुसले. "मला बघायला तरी यायचं होतंस," म्हणाले.

पाहुणा बोटीवर चढायच्या आधीच बेडूक पाण्यात उतरला होता. नांगराच्या दोराला जाळीची पिशवी बांधलेली, तिच्यात दोन मासे. एक तो नऊ किलोचा, टाकीत राहून राहून कंटाळलेला, पण दांडगा. दुसरा अडीअडचणीला म्हणून ठेवलेला, जेमतेम दीड किलोचा. वर बोटीचं काळं बूड दिसत होतं. पंप सुरू झाला, कडेला फेस उसळला, आणि त्या फेसापलीकडे कुठंतरी बेडकाचा बाप स्वच्छ दाढी करून उभा होता.

दोन गळ आले. एक कप्तानाचा, चकचकीत, लाल दोरीचा. दुसरा बाबांचा, घरचा. पिवळट पडलेली जुनी दोरी, तिची गाठ त्याने दुरूनही ओळखली. बाबांनी स्वतःची काठी आणायचा हट्ट धरला असणार आणि बाईंना ती कॅमेऱ्यासाठी आवडली असणार.

मनगटाला एक हिसका बसला. लाव.

बेडूक हलला नाही.

पुन्हा एक हिसका, जरा रागाने. बेडकाने पिशवीचं तोंड सोडलं, नऊ किलोच्या माशाला कल्ल्याशी धरून बाहेर काढलं, पिशवी पुन्हा आवळली आणि गळाकडे गेला. गेला आणि थांबला. लावू की नको? लावू. नको. बाबा म्हणाले होते, नुसती ओढ कळू दे. पण ही ओढ म्हणजे काटा मारल्यातच जमा ना? पासंग लावून तोललेली ओढ! पण न लावावी तर... असा तो एका हातात मासा आणि एका हातात गळ धरून, नवरदेवासारखा खोळंबून उभा. वर बाबांचा धीर सुटला असावा, किंवा हात थरथरला असावा. दोरीला झटका बसला आणि गळ हातमोज्यातून आरपार थेट अंगठ्याच्या मुळाशी मांसात शिरला.

पाण्याखाली ओरडता येत नाही. ओरडलं तर बुडबुडे होतात आणि तोंडातली नळी निसटते. बेडकाने दात नळीवर आवळले आणि मासा सोडला. नऊ किलोच्या माशाने एकदा शेपूट हलवली आणि तो गेला. मासेवालीच्या टाकीतला, बाईंनी सांगून ठेवलेला, कार्यक्रमाचा तारणहार मासा ढुंकूनही न बघता निघून गेला.

आता एका बाजूला बाप ओढतोय आणि दुसऱ्या बाजूला मनगटाची दोरी. एक हिसका. दोन हिसके. मग तीन, मग नुसतंच लटालटा. वरच्या माणसाचीही भंबेरी उडाली होती, कारण काठी तर वाकलीय आणि खालून खूण नाही. लाव म्हणतात की थांब म्हणतात, बेडकाला काही कळेना. कमरेला सुरी होती. गळाची दोरी कापली की सुटला. त्याने सुरीला हात घातलाही.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं की वर काठी वाकलीय. बाबांच्या हातात. पहिल्यांदाच.

त्याने सुरी सोडली आणि दोरी मोकळ्या हाताने धरून ओढली.

वरून ओढ आली. याने डावीकडे पोहत नेली. वरून आवळली गेली, तसा हा बोटीखालून उजवीकडे गेला, मग खाली, मग पुन्हा डावीकडे; वरची ओढ मंदावली की जरा थांबायचा. मोठा मासा कसा झुंजतो ते त्याने इतक्यांदा जवळून पाहिलं होतं की नक्कल करायला शिकवणी लागली नाही. अंगठ्यातून रक्ताची धार पाण्यात निघाली होती आणि खाली ती हिरवट दिसत होती. दुखणं असं की डोळ्यांपुढे काजवे. पण सोडवत नव्हतं. ओढा बाबा, ओढा! असं तो मनात म्हणत होता आणि नळीत चक्क हसत होता, वेड्यासारखा.

मधेच दोरी एकदम सैल पडली. बेडूक घाबरला. दमले की काय? हात गळाठला? त्याने पटकन दोरी गोळा केली आणि पुन्हा जोराने ताणली. वरूनही पुन्हा ओढ सुरू झाली, पण आता जरा बिचकत, जरा विचारात पडल्यासारखी. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. दोरी सैल, अगदी मोकळी, वेटोळं पडेल इतकी. याला काही समजेना. मासा थकवायला दोरी सोडतात खरी, पण इतकी नाही. म्हातारा बावचळला असेल, असं म्हणून त्याने पुन्हा दोन्ही हातांनी ताणून एक जबरदस्त हिसका दिला.

शेवटी हवा संपत आली. आता काहीतरी वर पाठवायलाच हवं होतं. पिशवीत उरला होता तो दीड किलोचा. बेडकाने अंगठ्यातला गळ धरून ओढला, तर तो अलगद बाहेर आला. गळाच्या टोकाला उलटा काटाच नव्हता. बाबांनी कानशीने घासून काढून टाकला होता. याचंही त्याला नवल वाटलं, पण नवल करायला वेळ नव्हता. त्याने तो बारका मासा लावला, एक हिसका दिला आणि फेसाआडून दुसऱ्या बाजूने धापा टाकत वर आला.

*

घरी आल्यावर बेडकाची तयारी होती दोन गोष्टींची. एक तर बाबा आनंदाने नाचत असतील, नाहीतर दीड किलोचा मासा बघून खट्टू झाले असतील. पण बाबा यातलं काहीच नव्हते. दारातून आत आले, मुलाकडे बघितलं, त्याच्या हाताला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं आणि चपला काढताना विचारलं, "काय झालं?"

"तार लागली."

"तार," बाबा म्हणाले आणि आत जाऊन बसले.

"अहो, मासा मिळाला की नाही?" आईने विचारलं.

"मिळाला."

"केवढा?"

"मिळाला म्हटलं ना."

आता हे बोलणं झालं? ज्या माणसाने बोटभर मासा पकडला तरी तीन दिवस वर्णन करायचं, त्याने तोंडाला कुलूप घातलं. दिवस जात राहिले. आई म्हणायची, "तोंड बघ यांचं. मासा मिळाला म्हणतात, आणि बसलेत तर असे, जणू काही हरवलंय." बेडकाची झोप उडाली. कळलं असेल का? कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. लबाडी म्हटली की ज्याचं डोकं फिरतं तो माणूस गप्प बसेल होय? मग नसेल कळलं. मग गप्प का? दुखतंय कुठं? मासा लहान निघाला म्हणून? एकदा तो विचारायला गेलाही. "बाबा, ओढ कशी होती?" बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग फडक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ते फडकं बदल. मळलंय."

उत्तर ऐकून तो आणखीच बुचकळ्यात पडला.

*

कार्यक्रम लागायचा त्या संध्याकाळी अर्धी इमारत खोलीत जमली. वरचे मास्तर आले, समोरची शेजारीण आली, आणि कधी नव्हे तो किराणावालाही आला, स्वतःची खुर्ची घेऊन. आईने चहा टाकला. बाबा कोपऱ्यात, हात मांडीवर, पाहुण्यासारखे बसलेले.

टीव्हीवर बाबा दिसले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काठी वाकली तेव्हा शेजारीण "अगं बाई!" म्हणाली. बेडूक डोळे फाडून बघत होता. त्या दिवशीची वरची बाजू तो आता पहिल्यांदाच बघत होता. बाबांचा चेहरा आधी खुललेला, लहान पोरासारखा. मग एकदम बदललेला, कपाळाला आठ्या, डोळे फेसाकडे लागलेले. कप्तान शेजारी उड्या मारतोय आणि बाबा मात्र गंभीर, पाण्यात कुणाला तरी शोधताहेत असे. मग जोरजोरात संगीत, आणि मासा वर.

मासा कॅमेऱ्याच्या नाकाशी धरलेला, म्हणून केवढा तरी दिसत होता. मग काटा दाखवला. सुई सरकत सरकत गेली आणि थांबली. कप्तान ओरडला, "नऊ किलो!"

खोलीत एकच कल्ला झाला. तो मासा बेडकाने स्वतः लावला होता. दीडच्या वर गुंजभर नव्हता. कुणीतरी खालून काटा ओढून धरला असणार, नाहीतर वेगळंच काहीतरी टांगून मागाहून चित्र घेतलं असणार. आणि बाबांनी तर तो मासा हातात धरला होता! ज्या हाताला छटाकभराचा फरक अंधारात कळतो, त्या हातात!

किराणावाल्याने सावकाश कप खाली ठेवला. इतक्या वर्षांनी त्याची वेळ आली होती.

"काय काका," तो गोड आवाजात म्हणाला, "माझ्या तराजूतला चिमूटभर फरक तुम्हाला खपला नव्हता. भर दुकानात माझी अब्रू काढली होतीत. आता तुम्हीच सांगा, नऊ होता का हो तो?"

मास्तर टीव्हीकडे बघू लागले. आई दारात बशी घेऊन तशीच उभी. बेडकाला वाटलं, आता बाबा उठणार, आता खरं बोलणार, आणि उद्यापासून बाईंच्या दारात लोक जाब विचारायला येणार. गेली नोकरी. जाऊ दे, म्हणाला तो मनात, निदान बाबा तरी सुटतील.

बाबांनी किराणावाल्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काटा दाखवला ना टीव्हीवर?" ते म्हणाले. "नऊच होता."

किराणावाला हसला. या वेळी तोंडभर हसला, खुर्ची उचलली आणि निघून गेला. तो उद्या बाजारभर काय सांगत फिरणार, हे बाबांनाही ठाऊक होतं आणि बेडकालाही. मग एकेक करून बाकीचे गेले. आई कप विसळायला आत गेली.

बेडकाच्या डोक्यात नुसता गलका. हा माणूस खोटं बोलला? हा? जो मापात बोट घालून बघतो? टीव्हीसाठी? नावासाठी? त्याला रागही आला, रडूही आलं. कशाचं काय, त्यालाच कळेना.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही नऊ का म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"खरं."

"खरं म्हटलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं. मग त्याच्या पुढचं. आणि मग त्या बोटीखालच्या माणसापर्यंत गोष्ट गेली असती."

बेडूक खाली सतरंजीवर बसला.

"मला काय येडा समजलास?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "धक्क्यावर केस पांढरे केलेत मी. मासा ओढतो तो जिवाच्या आकांताने ओढतो. हे म्हणजे कुणीतरी माझी समजूत काढत होतं. इकडे नेतोय, तिकडे नेतोय, मी दमलो की थांबतोय. मासा कधी थांबतो का? मग फेसात तांबडं दिसलं. म्हटलं, अरे देवा, माणूस अडकलाय गळाला."

"मग ओरडला का नाहीत?"

"तोंड उघडलं होतं. पण बोलावं तर कॅमेरे सुरू, ती बाई समोर उभी. त्याची नोकरी गेली असती ना! म्हणून गप्प राहून दोनदा ढील दिली. चांगली मोकळी. माझ्या गळाला उलटा काटा नाही, सैल पडला की आपसूक निघतो. म्हटलं, सुटेल आता बिचारा. तर हा गाढव पुन्हा ओढतोय! मी सोडतोय आणि हा ओढतोय! मला काही समजेचना, याला पाहिजे तरी काय."

बेडकाने फडक्याचा हात पाठीमागे घेतला.

"मासा हातात आला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते," बाबा म्हणाले, "आणि माझा जीव खाली. वर आला की नाही, लागलं किती, कुणाला विचारायचीही सोय नाही. म्हटलं, कुणाचा तरी पोरगा असेल. त्याचा बाप घरी वाट बघत असेल."

आतून कपांचा आवाज येत होता. बाबांनी हात पुढे केला.

"आणि घरी येऊन बघतो," ते म्हणाले, "तर तू. फडकं बांधून. इकडे दे तो हात."